घोड्याचं जंताचं औषध: ओढाताण न करता, नेमक्या मात्रेत

औषधाच्या दिवशी बऱ्याच तबेल्यांत चार माणसं गोळा होतात. एक मोरकी धरतो, दुसरा कान पिळतो, तिसरा घोड्याला भिंतीशी दाबून ठेवतो आणि चौथा सिरिंज घेऊन जबड्याशी झटत राहतो. शेवटी निम्मी पेस्ट जमिनीवर, थोडी कुणाच्या तरी सदऱ्यावर, आणि घोड्याच्या पोटात नक्की किती गेली याचा पत्ता नाही. पुढच्या खेपेला घोडा सिरिंज लांबून पाहूनच मान वर करतो, मग माणसं पाच लागतात.

हा त्रास टाळता येतो. वजनाचा अंदाज, औषधाची निवड आणि घोड्याच्या तोंडाची सवय ही तिन्ही कामं एकाच सकाळी उरकायला गेल्यामुळे तो होतो. ही कामं वेगवेगळ्या दिवसांवर पाडली की औषधाच्या दिवशी फक्त सिरिंज तोंडात घालून दट्ट्या दाबायचा उरतो. ठाणे-नवी मुंबईत वरातीच्या घोड्या सांभाळणारे, रपेट शिकवणारे आणि हौसेने एखादाच घोडा पाळणारे, अशा सगळ्यांना जमेल अशी ही रीत आहे.

लीद आधी, औषध नंतर

दर दोन महिन्यांनी सगळ्या घोड्यांना सरसकट औषध द्यायचं, ही पद्धत १९६०च्या दशकातल्या सल्ल्यावरून आली. तेव्हा मुख्य शत्रू होता मोठा स्ट्राँगाइल, म्हणजे आतड्याच्या रक्तवाहिन्यांत शिरून जीवघेणा पोटशूळ घडवणारा जंत. त्याच्यावर ती पद्धत चालली. पण तीच औषधं वर्षानुवर्षं वारंवार दिल्यामुळे लहान स्ट्राँगाइल जंत त्यांना दाद देईनासे झाले. फेनबेंडाझोलच्या गटातली औषधं लहान स्ट्राँगाइलवर जगभर बऱ्याच ठिकाणी निकामी झाली आहेत. शिंगरांच्या पोटातल्या गोल जंतांवर आयव्हरमेक्टिन चालत नाही, असंही पुष्कळ देशांत आढळलं आहे. घोड्यांसाठी पूर्णपणे नव्या गटाचं औषध आज बाजारात नाही. हातात आहेत ती टिकवायची असतील तर ती कमी वेळा, पण पुऱ्या मात्रेत द्यायला हवीत.

मालकाचा निम्मा ताप इथेच कमी होतो, कारण मोठ्या वयाच्या सगळ्या घोड्यांवर जंतांचा भार सारखा नसतो. साधारणपणे पाचातला एखादा घोडा सगळ्या तबेल्यातली सुमारे ८० टक्के अंडी टाकत असतो. तो कोणता, हे नुसतं पाहून कळत नाही. चकचकीत, भरलेल्या अंगाचा घोडाही भरपूर अंडी टाकत असू शकतो. त्यासाठी लिदीतली अंडी मोजावी लागतात.

नमुना घेणं सोपं आहे. सकाळी नुकतीच पडलेली लीद घ्या. तीन-चार गोळ्यांच्या आतल्या भागातून थोडी थोडी काढून जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि हवा दाबून काढून पिशवी घट्ट बंद करा. वर घोड्याचं नाव, तारीख, आणि शेवटचं औषध कोणतं व कधी दिलं ते लिहा. नमुना गार ठेवायचा, गोठवायचा नाही. इथल्या उकाड्यात पिशवी मोटरसायकलच्या डिकीत बराच वेळ राहिली तर अंड्यांतून अळ्या निघायला लागतात आणि मोजणी फसते. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी टाकून त्याच दिवशी नमुना पोचवलेला बरा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्राचा विभाग आहे. तिथे किंवा तुमच्या पशुवैद्यांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत आधी फोन करा, नमुना कधी घेतात ते विचारा आणि मगच निघा.

निकाल एका ग्रॅम लिदीत किती अंडी या हिशोबाने येतो. प्रौढ घोड्यात २००पर्यंत कमी, २०० ते ५०० मध्यम आणि ५००च्या वर जास्त असं सर्वसाधारणपणे धरतात. मागच्या औषधाचा परिणाम ओसरण्याआधी केलेली मोजणी मात्र फसवी असते. आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर किमान तीन महिने, फेनबेंडाझोल किंवा पायरँटल दिलं असेल तर किमान सव्वादोन महिने जाऊ द्या. शिवाय पट्टकृमी, बॉट माशीच्या अळ्या आणि आतड्याच्या अस्तरात दडून बसलेल्या लहान स्ट्राँगाइलच्या अळ्या या मोजणीत नीट दिसत नाहीत. म्हणून मोजणी शून्य आली तरी प्रौढ घोड्याला वर्षातून एक-दोनदा औषध लागतंच.

आपल्याकडच्या पावसाचा हिशोब

परदेशी वेळापत्रकं थंडीभोवती फिरतात, ती ठाण्याला लागू नाहीत. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. पंचवीस-तीस अंश तापमान आणि ओल मिळाली की लिदीतल्या अंड्यापासून बाधा करणारी अळी आठवड्याभरात तयार होते आणि ओल्या गवतावर चढून बसते. पावसाळ्यात रिकाम्या भूखंडांवर, पारसिकच्या किंवा येऊरच्या उतारांवर, खाडीकडेच्या मोकळ्या जागांवर कोवळं गवत उगवतं. घोडे तिथे बांधायला सोयीचं पडतं, आणि रोज तीच लीद नि तेच गवत असं चक्र चालू होतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात याच अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात.

म्हणून माझं वेळापत्रक असं: मेच्या शेवटी लीद तपासायची आणि ज्यांची मोजणी जास्त येईल त्यांना पावसाआधी औषध द्यायचं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचे काही आठवडे तरी ते घोडे जमीन खराब करत नाहीत. मुख्य मात्रा पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. तीत आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनबरोबर पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल असावं. तुळशीच्या लग्नानंतर वरातींचा हंगाम सुरू होतो, त्याआधी हे उरकलेलं बरं. आजारी, खंगलेल्या, गाभण घोडीचं किंवा शिंगराचं वेळापत्रक मात्र पशुवैद्यांनीच ठरवायला हवं.

पावसाळ्यातली एक गोष्ट मुद्दाम पाहा. साजाने किंवा दोरीने घासून झालेली जखम भरत नसेल, तांबूस दाणेदार मांस वर येत असेल, आत पिवळसर खडे लागत असतील, तर ती बरसाती असू शकते. माश्या हॅब्रोनेमा जंताच्या अळ्या जखमेवर आणून सोडतात, त्यातून हे होतं. नुसत्या मलमाने ते हटत नाही. जंताचं औषध आणि माश्यांचा बंदोबस्त दोन्ही लागतं.

वजन: डोळ्यांवर विश्वास नको

कमी मात्रा हे जंतांना औषध पचवायला शिकवण्याचं सर्वांत सोपं साधन आहे, आणि नजरेने धरलेलं वजन सहज पन्नास किलोंनी चुकतं. शिंप्याची टेप घ्या. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर नीट उभा असू द्या. आयाळ संपते तिथून, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. घोड्याने श्वास सोडला की वाचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला ११,८७७ने भागा. उत्तर किलोमध्ये येतं.

घेर १६० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे ३०२ किलो. घेर १५०, लांबी १३२ असेल तर २५० किलो. हे सूत्र प्रौढ घोड्यांसाठी आहे. शिंगरू आणि गाभण घोडी यांना ते बसत नाही. घोडा गाडीतून नेणारच असाल तर वाटेतल्या वजनकाट्यावर गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलून घ्या, त्याहून चांगलं काही नाही.

मोजमाप औषधाच्या आठवडाभर आधी करा. आलेल्या वजनावर थोडं वाढवून, म्हणजे ३०२ला ३२५ धरून मात्रा काढली तर चालते, कारण आयव्हरमेक्टिनला घोड्यात सुरक्षिततेची पुरेशी मोकळीक आहे. मॉक्सिडेक्टिनला ती कमी आहे. रोडावलेल्या घोड्याला किंवा लहान शिंगराला ते पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय देऊच नये.

कोणतं औषध, किती

आयव्हरमेक्टिनची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे ३०० किलोंच्या घोड्याला ६० मिलिग्रॅम. पेस्ट १.८७ टक्क्यांची असेल तर ती ३.२ ग्रॅम होते. अशा सिरिंज बहुतेक वेळा सहाशे किलोंच्या आसपासच्या परदेशी घोड्याचा विचार करून भरलेल्या असतात, म्हणून आपल्या काठेवाडी घोडीला किंवा तट्टूला अख्खी सिरिंज लागत नाही. दट्ट्यावर वजनाच्या खुणा आणि फिरणारी कडी असते. कडी हव्या त्या खुणेवर आणून घट्ट फिरवा, मग कडीला बोटाने ढकलून पाहा, सरकता कामा नये. कंपनीगणिक औषधाचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे मागच्या वेळची खूण नव्या सिरिंजला लावू नका. प्राझिक्वांटेल किलोमागे साधारण १.५ मिलिग्रॅम लागतं आणि ते बहुधा आयव्हरमेक्टिनबरोबर एकाच पेस्टमध्ये मिळतं.

दुकानात घोड्याची पेस्ट नसते तेव्हा गाई-म्हशींचं इंजेक्शन पुढे केलं जातं. ते घोड्याला टोचू नका. टोचल्या जागी सूज आणि गंभीर जंतुसंसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. पाठीवर ओतायचं गुरांचं औषधही घोड्यासाठी नाही. पेस्ट चार दिवस आधी मागवून ठेवणं हाच यावरचा उपाय. कडुनिंबाचा पाला किंवा हिंग चंदीत घालणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांची तळमळ खरी असते, पण लिदीतली अंडी त्याने कमी झाल्याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही.

तोंडाची सवय: पंधरा दिवस आधीपासून

एवढा एक भाग वाचून बाकीचं सोडलंत तरी घोड्याचं भलं होईल. घोडा औषधाच्या चवीला जेवढा वैतागतो, त्याहून जास्त तो अंगावर येणाऱ्या माणसांना, पिळल्या जाणाऱ्या कानाला आणि ओठाला लावलेल्या दोरीच्या फासाला घाबरतो. कान पिळलेला घोडा पुढे महिनोन्‌महिने मोरकी चढवू देत नाही. एका मिनिटाच्या कामासाठी ही किंमत फार मोठी आहे, आणि ज्याच्या पाठीवर आपलं पोट चालतं त्या जनावराला ती मोजायला लावणं मला पटत नाही.

लागेल ते एवढंच: सुई नसलेली मोठी प्लास्टिकची सिरिंज, साठ मिलिलिटरची असेल तर उत्तम, आणि गुळाचं पातळ पाणी किंवा शिजवलेल्या गाजराचा लगदा. जाड, पाय धरणाऱ्या (खुरांना आतून सूज येऊन लंगडणाऱ्या) घोड्याला गूळ नको, गाजरच बरं. रोज एकच माणूस, शक्यतो घोड्याचा नेहमीचा मोतद्दार. वेळ खराऱ्यानंतरची, चंदीच्या आधीची. पाच मिनिटांच्या वर नाही.

पहिल्या दिवसांत सिरिंज दाखवायचीसुद्धा नाही. घोड्याच्या डाव्या खांद्याशी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभं राहा. अगदी समोर उभं राहू नका. डोकं वर झटकलं किंवा पुढचा पाय उचलला तर मार तुम्हालाच बसेल. डावा हात मोरकीवर ठेवा. उजव्या हाताने मान, गाल, मग ओठांचा कोपरा चोळत जा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, लगामाचं लोखंड बसतं तिथे, दात नसलेली मोकळी जागा असते. तिथे अंगठा घालून हिरडीवर हलकेच फिरवा. घोडा जीभ हलवेल, चघळेल. त्या क्षणी हात काढा आणि शाबासकी द्या.

हात कधी काढायचा, यावर सगळं अवलंबून आहे. घोड्याने मान झटकल्यावर हात काढलात, तर मान झटकली की सुटका होते हे तो शिकतो. तो स्थिर झाल्यावर, अगदी एका श्वासापुरता का होईना, हात काढलात, तर उभं राहिलं की सुटका होते हे शिकतो. तो झटकत असेल तर हात त्याच्या तोंडाबरोबर हलू द्या. जोर लावू नका, सोडूही नका. थांबला की लगेच बाजूला व्हा.

अंगठा चालायला लागला की रिकामी सिरिंज आणा. आधी हुंगू द्या, मग तिने मानेवर चोळा, गालावर, ओठाच्या कोपऱ्यावर. एखाद्या जागी घोडा ताठ झाला तर त्याआधीच्या जागेवर परत या आणि तिथेच त्या दिवशी थांबा. पुढे सिरिंजचं टोक गूळपाण्यात बुडवून त्या मोकळ्या जागेतून आत घाला, चाटू द्या, काढा. मग दोन-तीन मिलिलिटर सोडा. मग दहा. घोडा सिरिंज दिसली की स्वतः ओठ हलवू लागला म्हणजे जमलं. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे. ज्याच्या कानाशी पूर्वी झटापट झाली आहे त्याला वेळ द्यावाच लागतो, आणि तो द्यायला हवा.

वरातीच्या घोड्यांचा एक फायदा असा की बँड, फटाके, गर्दी यांत त्या उभ्या राहायला शिकलेल्या असतात. पण काम करून रात्री उशिरा आलेल्या, दमलेल्या घोडीवर हा सराव करू नका.

औषधाचा दिवस

1. तोंड रिकामं असल्याची खात्री करा. चारा, चंदी, तोबरा अर्धा तास आधी दूर करा आणि गालात साठलेला घास बाहेर काढा. घास तोंडात असला तर पेस्टसकट थुंकला जातो.

2. सिरिंज थंड असेल तर जरा वेळ हातात धरा, पेस्ट मऊ होते. कडी पुन्हा तपासा. टोपण काढून खिशात ठेवा. ते तोंडात किंवा चाऱ्यात पडता कामा नये.

3. सरावाच्याच जागी, सरावाच्याच माणसाने उभं राहायचं. जागा बदलू नका. दोरी खांबाला पक्की बांधू नका, दुसऱ्या माणसाने ती सैल धरावी. बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगा.

4. आधी एकदा गूळपाणी. मग लगेच औषधाची सिरिंज त्याच कोपऱ्यातून आत, टोक जिभेच्या मागच्या भागावर, आणि दट्ट्या एका दमात कडीपर्यंत. मान साधारण सरळ किंवा किंचित वर असावी. जबरदस्तीने आभाळाकडे उचललेल्या मानेने औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

5. सिरिंज काढून हनुवटीखाली काही क्षण हात ठेवा. गिळल्याची हालचाल दिसली की गूळपाण्याची दुसरी सिरिंज. कडू चव घेऊन घोडा जाऊ नये, पुढच्या खेपेसाठी हे फार कामाचं आहे.

पेस्ट जमिनीवर पडली तर किती पडली ते नीट पाहा आणि पशुवैद्यांना विचारून तेवढीच भरून काढा. अंदाजाने दुसरी अख्खी मात्रा देऊ नका. पडलेली पेस्ट आणि रिकामी सिरिंज तबेल्यातल्या कुत्र्यांच्या तोंडी लागता कामा नये. घोड्याच्या मात्रेचं आयव्हरमेक्टिन कुत्र्याला मारू शकतं, कोली जातीच्या कुत्र्यांना तर फारच थोडं पुरतं. सिरिंज तलावात किंवा खाडीत टाकू नका, पाण्यातल्या जिवांना हे औषध विषारी आहे.

चंदीत मिसळून देता येतं का, असं नेहमी विचारतात. भुकटीचं औषध असेल आणि घोडा अधाशी असेल तर देता येतं. थोड्या ओल्या कोंड्यात गुळाबरोबर कालवून, एकट्यालाच, समोर उभं राहून. टोपल्यात उरलं तर मात्रा अपुरी गेली असं धरा. शंकेखोर घोडा वास घेऊन चंदीच सोडतो, आणि मग औषध नाही तेव्हाही सोडतो. त्यापेक्षा सिरिंजची सवय बरी.

पुढचे दोन-तीन दिवस

त्या दिवशी वरात किंवा लांबची रपेट घेऊ नका. घोडा चारा खातो का, लीद नेहमीसारखी टाकतो का, एवढं पाहा. पुढच्या पायाने जमीन उकरणं, सारखं कुशीकडे वळून बघणं, लोळणं, घाम, चारा सोडणं यांतलं काही दिसलं तर पशुवैद्यांना लगेच फोन करा. अंगात जंतांचा मोठा भार असलेल्या शिंगरांत हा धोका जास्त. एकदम मेलेले गोल जंत आतड्यात अडकून बसतात. म्हणून शिंगराची पहिली मात्रा दोन-तीन महिन्यांच्या वयाला, आणि कोणतं औषध ते पशुवैद्यांना विचारूनच.

औषधानंतरचे तीन दिवस घोडा तबेल्यात ठेवा आणि लीद रोज उचला, चरायच्या जागी ती पडू देऊ नका. एरवीही मोकळ्या जागेतली लीद आठवड्यातून दोनदा उचलली तर औषधाची गरजच कमी होते. लिदीचा ढीग चांगला तापून कुजला की अंडी-अळ्या मरतात. ताजी लीद मात्र घोडे चरतात त्या गवतावर पसरू नका. पावसाळ्यात विकत घेतलेला हिरवा चारा घोडे बांधतात त्याच भूखंडावरून कापून आणलेला नाही ना, हे विचारून घ्या.

सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारातून नवा घोडा आणलात तर तो आधी वेगळा बांधा, लीद तपासा, औषध द्या आणि मगच बाकीच्यांबरोबर चरायला सोडा. नाहीतर औषधाला दाद न देणारे जंत त्याच्याबरोबर येतात आणि कायमचे राहतात.

वही आणि चौदाव्या दिवसाची लीद

प्रत्येक घोड्याला एक पान द्या: तारीख, घेर, लांबी, वजन, औषध, त्याचं प्रमाण, दिलेली मात्रा, औषधाआधीची मोजणी. घोडा कसा उभा राहिला तेही लिहा, मोतद्दार बदलला तर नव्या माणसाला त्याचा फार उपयोग होतो.

वर्षातून एकदा तरी औषधानंतर चौदाव्या दिवशी लीद पुन्हा तपासा. औषधाआधी ६०० अंडी होती आणि आता शून्य किंवा जेमतेम दहा आली, तर औषध चाललं. ३०० आली, तर निम्मे जंत त्या औषधाला जुमानत नाहीत किंवा मात्रा पोटात गेलीच नाही. आधी वहीतलं वजन आणि सिरिंजवरची खूण पडताळा. त्यात चूक नसेल तर तेच औषध पुन्हा देऊ नका आणि मात्राही मनाने वाढवू नका. दोन्ही आकडे पशुवैद्यांसमोर ठेवा आणि पुढची मात्रा दुसऱ्या गटातल्या औषधाची घ्या. तबेल्यातल्या आणखी चार-पाच घोड्यांची लीदही तेव्हाच तपासून घ्या, कारण सगळे एकाच जमिनीवर चरत असतील तर जंतही तेच असतात.